दिराची आखडलेली मान

पिंपरीपासून चाकणपर्यंत जेवढे म्हणून निर्विकार जीव राहत असतील, त्यांत हायवेच्या दुभाजकावर बसून रवंथ करणाऱ्या म्हशीही धरल्या, तरी माझ्या धाकट्या दिराचा पहिला नंबर आला असता. फक्त तो नंबर घ्यायला हा गेला नसता. कुणी घरपोच आणून दिलाच असता, तर "ठेवा तिकडे" म्हणून कूस बदलली असती. समोर मी त्याला "भाऊजी, तुम्ही" असंच म्हणते, कारण आमच्या सासूबाईंना दिराला अरे-तुरे केलेलं खपत नाही. पण लिहिताना मात्र मी "तो" म्हणणार आहे. "ते" म्हणवून घ्यायला जेवढा ताठपणा लागतो, तेवढा तेव्हा त्याच्या पाठीत नव्हता. तो खुर्चीत बसला की वाटायचं, कुणीतरी ओली चादर टाकून ठेवलीय. वाळली की घडी घालू.

त्याचा सगळा शब्दसंग्रह "चालतंय" या एका शब्दात मावायचा. या शब्दाशी माझी ओळख लग्नाच्या आधीच झाली. ही मंडळी मला बघायला आमच्या घरी आली होती. माझ्या वडिलांनी कौतुकानं त्याला विचारलं, "काय मग, वहिनी पसंत आहे का?" त्यानं पोह्यांतून मान वर न काढता सांगितलं, "चालतंय." मी आतल्या खोलीत हे ऐकलं आणि लग्नानंतर बरेच दिवस मनात धरून ठेवलं. पुढे याच घरात राहून बघितलं, तर बासुंदीलाही तो "चालतंय"च म्हणत होता, बारावीच्या निकालालाही, आणि कंपनीत बोटाला पडलेल्या टाक्यांनाही. तेव्हा माझा राग गेला. बासुंदीच्या रांगेत आपल्याला बसवलंय, म्हणजे वाईट नाही, असं मी मनाला समजावलं.

एकदा तो उलटा शर्ट घालून निघाला. सासूबाईंनी दारातच अडवलं आणि शर्ट उलटा असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे, संध्याकाळी काढताना होईल सुलटा." आणि गेला. आमच्या वस्तीतल्या मंडळानं एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीला डीजे लावायचा की त्या खर्चात एखादं चांगलं व्याख्यान ठेवायचं, यावर मतदान घेतलं. मतं नेमकी निम्मी निम्मी पडली आणि एक मत राहिलं ते आमच्याकडे झोपलेलं होतं. दोन्ही बाजूंची पोरं त्याला उठवायला आली. त्यानं अर्धा डोळा उघडला आणि "दोन्ही चालतंय" असं मत देऊन परत मिटला. त्यामुळे त्या वर्षी दोन्ही झालं, तेही एकाच वेळी. वक्त्यांना आपलं स्वतःचं भाषणसुद्धा ऐकू आलं नाही.

आणि ट्रान्सफॉर्मरची गोष्ट तर आमच्या संत तुकाराम नगरात अजून सांगतात. आमच्या इमारतीबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरनं एका सकाळी पेट घेतला. ठिणग्या उडायला लागल्या, बायका पोरांना काखेत मारून खाली धावल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना खुर्चीसकट उतरवलं. सगळी इमारत रस्त्यावर उभी राहून वर बघत होती. सगळ्यात शेवटी, कानात इअरफोन घालून, जांभई देत माझा दीर जिना उतरला. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "आज कचऱ्याची गाडी लवकर आली का?"

असा मुलगा आमच्या सासऱ्यांच्या पोटी यावा, हे त्यांना आयुष्यभर कोडंच होतं. पप्पांनी सगळी उमर कारखान्यात घालवली, त्यातली निम्मी युनियनच्या गेटसभेत. अजूनही सकाळी पेपर उघडला की जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातल्या मजुरांसाठी त्यांचा बीपी वाढतो. माझे यजमान म्हणतात, आमच्या घराला जेवढी काळजी मंजूर झाली होती, ती सगळी पप्पांनी एकट्यानं वापरली. धाकट्याच्या वाटणीला काही उरलंच नाही. पप्पा सुरू व्हायचे, "आमच्या वेळी एका माणसाला गेटवर अडवलं, तर अख्खी शिफ्ट त्याच्यासाठी उन्हात बसायची." त्यावर हा शांतपणे म्हणायचा, "पप्पा, तेव्हा मोबाइल नव्हते. वेळ कुठंतरी घालवायलाच लागणार." मग पप्पा चप्पल घालून विहाराकडे निघून जायचे आणि हा त्यांच्या रिकाम्या झालेल्या खाटेवर आडवा व्हायचा.

एकदाच, मी शेंगा निवडत असताना, त्यानं मला याचं कारण सांगितलं होतं. तो चाकणला एका कंपनीत ट्रेनी होता. गाड्यांचे सुटे भाग तिथं तयार होत. मी विचारलं, "भाऊजी, तुमच्या लाइनवर तुमचा मित्र कोण?" तो म्हणाला, "कुणी नाही. वहिनी, आमच्याकडे सगळी पोरं ठेक्यावरची. नाव लक्षात राहीपर्यंत पोरगं बदललेलं असतं. मग कशाला लक्षात ठेवायचं?" हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मला त्यातलं दुःख कळायला रात्रीची भांडी घासून होईपर्यंत वेळ लागला. पण त्याला ते कळलेलं दिसत नव्हतं. तो तोवर घोरत होता.

झोप ही त्याची खरी आवड. तीही घरापेक्षा कंपनीच्या बसमध्ये जास्त. त्याची बस देहूरोडहून निघायची, निगडी-चिंचवड करत पोरं गोळा करायची, आमच्या इथं हायवेला याला घ्यायची आणि नाशिक फाट्याला वळून भोसरी, मोशी करत चाकणला पोचायची. हा चढायचा, एका ठरलेल्या सीटवर बसायचा आणि गेट येईपर्यंत झोपायचा. जाताना तसंच, येताना तसंच. नाशिक फाट्याच्या पुढचा रस्ता त्यानं कधी बघितलाच नव्हता.

तर झालं असं, की एके दिवशी हा कामावरून आला तो मान एका बाजूला वाकडी करून. सासूबाईंनी तेल गरम करून चोळलं. दुसऱ्या दिवशी मान तशीच, आणि शिवाय कपाळावर टेंगूळ. त्याच्या पुढच्या दिवशी टेंगळाच्या शेजारी आणखी एक टेंगूळ. सासूबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, पोरगं कुठंतरी मारामारी करतंय. मला तर क्षणभर बरंही वाटलं, की निदान मारामारी करण्याइतकं याला कशाचं तरी वाटलं.

"कुठं धडपडला रे?" सासूबाईंनी विचारलं.

"बसमध्ये. स्पीडब्रेकर आला की पुढच्या सीटच्या दांडीवर डोकं आपटतं."

"मग इतके दिवस कसं नाही आपटलं?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला. मी त्याला ओळखायला लागल्यापासून विचार करताना पहिल्यांदा बघत होते. चेहऱ्यावर असं काही झालं, जसं बंद पडलेल्या पंख्याचं पातं कुणीतरी बोटानं फिरवावं.

"तो हात धरायचा," तो म्हणाला.

"कोण तो?"

"शेजारी बसतो तो. त्याच्या खांद्यावर मी झोपतो. स्पीडब्रेकर आला की तो माझ्या कपाळापुढं हात धरायचा. झोपेत कळायचं थोडं थोडं. मला वाटायचं, दांडीच मऊ आहे."

"मग आता का नाही धरत?"

"तो येतच नाहीये."

मी त्याला विचारलं, नाव काय त्याचं. माहीत नाही. गाव? माहीत नाही. कुठल्या लाइनला आहे? माहीत नाही. बरं, दिसतो कसा? यावर तो जरा ओशाळला. म्हणाला, "वहिनी, माझे डोळे मिटलेले असतात." खूप आठवून त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. त्याच्या खांद्याला बामाचा वास येतो, आणि गेट आलं की तो गालावर दोन बोटांनी टिचकी मारून म्हणतो, "उठा, आलं."

कुणाही भल्या माणसाला दोन दिवसांत दुसरा खांदा सापडला असता. आमच्या यजमानांनी तर मानेची उशी आणायची तयारीही दाखवली. पण याला काय झालं कुणास ठाऊक, त्यानं चौकशी सुरू केली. त्याला चौकशीची सवय नसल्यामुळे ती ऐकायला मजा यायची. रोज संध्याकाळी तो मला अहवाल द्यायचा. बसच्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "भावा, मला थांबे माहीत असतात, माणसं नाही. देहूरोडला चढायचा एवढं खरं." मागच्या सीटवरच्या पोरांना विचारलं, तर त्यांनी इअरफोन काढून "कोण?" म्हटलं आणि परत घातले. सुपरवायझरला विचारलं, तर तो म्हणाला, "न सांगता गैरहजर आहे, त्याच्या जागी दुसरा घेतला." नाव काय होतं? "ते ठेकेदाराकडे असेल." ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "नाव सांग, मग शोधून देतो."

हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. "वहिनी, एवढी मोठी बस. एकालाही माहीत नाही." त्या माहीत नसलेल्यांत आपणही येतो, हे त्याच्या लक्षात यायला अर्धं मिनिट लागलं.

आमच्या भागात बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी माझा दीर दुपारच्या जेवणालाच उठायचा, तोही ताट वाढल्याचा आवाज आला तर. त्या गुरुवारी मी चहा टाकायला उठले, तर हा अंघोळ करून, शर्ट सुलटा घालून दाराशी बसलेला. म्हणाला, "वहिनी, देहूरोडला येता का? मला लोकांशी बोलता येत नाही." मी पिंपरी कॅम्पात एका चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना "आता दिसतंय का, आता दिसतंय का" विचारण्यात जातो. मी मालकांना फोन करून रजा सांगितली. सासूबाई आमच्या मागे जिन्यापर्यंत आल्या. मुलगा सकाळी उठलाय, तर कुठं चाललाय हे विचारून त्याला थांबवावं, असं त्यांना वाटलं नसावं.

देहूरोडला त्या बस थांब्यापाशी आम्ही उतरलो. तिथं दुसऱ्या कुठल्याशा कंपनीच्या बसची वाट बघत काही पोरं उभी होती. दीर त्यांना लांबून न्याहाळत राहिला. मग एका पोरापाशी गेला, त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि काही कळायच्या आत त्यानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून बघितलं. तो पोरगा इतका दचकला की हातातला वडापाव खाली पडला. दिरानं डोकं उचललं आणि मला लांबूनच सांगितलं, "हा नाही." त्या पोराला शांत करायला मला दुसरा वडापाव घेऊन द्यावा लागला. त्या गडबडीत टपरीवाले बाबा हसायला लागले. मावळातला जुना माणूस, डोक्याला मुंडासं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "बामाचा वास येणारा पोरगा? हाय की. पलीकडच्या गल्लीत ऱ्हातो. माझ्याकडनंच बामाची डबी न्यायचा. मी इचारलं, एवढ्या कवळ्या वयात खांदा कशानं धरला रं? तर म्हणला, कंपनीच्या गाडीत एक जण रोज झोपतो त्याच्यावर."

"मग त्यानं कधी उठवलं का नाही?" दिरानं विचारलं.

"मी बी तेच इचारलं. तर म्हणला, दमलेला असतो बिचारा."

माझा दीर, जो आयुष्यात कशानंही दमला नव्हता, तो खाली मान घालून उभा राहिला. म्हणजे जेवढी खाली जात होती तेवढी. आखडलेलीच होती ती.

बाबांनी दाखवलेल्या गल्लीत एका पत्र्याच्या खोलीत आम्ही पोचलो. चौघं मिळून राहत होते, चौघांच्या कंपन्या वेगळ्या, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. एक नुकताच नाइट करून येऊन झोपला होता, एक बूट घालत होता. कोपऱ्यात गोधडीखाली तो होता. बूट घालणारा म्हणाला, "तो होय, सुट्टीवर आहे ना? मी येतो तेव्हा झोपलेलाच असतो." तो खोटं बोलत नव्हता. खरंच सगळ्यांनी त्याला झोपलेलाच बघितला होता, आणि शिफ्टच्या पोरानं झोपलेल्या पोराला उठवायचं नसतं, एवढी माया सगळ्यांनी पाळली होती. गोधडीतल्या पोरानं डोळे उघडले. डोळ्यांचं मला थोडंफार कळतं. हळद कालवल्यासारखे पिवळे झाले होते.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग दिराकडे. ओळख पटायला त्याला वेळ लागला नाही. तो तर रोज बघतच होता. म्हणाला, "तुमी? तुमी कसं काय आलाव?"

यावर माणसं काहीतरी चांगलं बोलतात. माझा दीर म्हणाला, "मान आखडली."

त्याला उठवून रिक्षात घातलं. "काय नाय हो, जरा अंग तापायलंय, होतंय बरं," असं तो म्हणत राहिला आणि ते म्हणतानाच त्याची शुद्ध हरपत होती. रिक्षात जागा कमी होती. दीर मध्ये बसला, आणि पूर्ण रस्ताभर त्या पोराचं डोकं याच्या खांद्यावर होतं. निगडीच्या पुढं रस्ता खणलेला होता. प्रत्येक खड्ड्याला दिराचा हात त्याच्या कपाळापुढं जात होता. मी बाहेर बघत बसले.

पिंपरीत महापालिकेचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथं नेलं. केसपेपरच्या खिडकीवर बाईंनी न बघता विचारलं, "पेशंटचं नाव?"

दिरानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग तो मागे बाकावर आडव्या झालेल्या पोरापाशी गेला, वाकला आणि विचारलं, "तुझं नाव काय रे?"

"बालाजी."

परत खिडकीशी येऊन त्यानं सांगितलं, "बालाजी." बाईंनी आता वर बघितलं. "तुमचा कोण?"

"बसमधला."

त्या म्हणाल्या, "तसं नातं नसतं. भाऊ लिहिते," आणि लिहून टाकलं.

डॉक्टरांनी तपासून दाखल करून घेतलं. कावीळ फार वाढली होती. अशीच आणखी अंगावर काढली असती तर हाताबाहेर गेली असती, असं त्यांनी दिराला सांगितलं, भाऊ म्हणून. आणि जवळ कुणीतरी थांबावं लागेल, असंही. मी म्हटलं, त्याच्या घरी कळवू. बालाजीच्या मोबाइलवरून दिरानं परभणीकडच्या त्याच्या गावी फोन लावला. आईनं उचलला. दिराला परक्या बाईशी फोनवर बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, "काकू, मी तुमच्या मुलाच्या खांद्यावर झोपतो." मी फोन काढून घ्यायला हात पुढं केला, पण त्यानं दिला नाही. घामाघूम होत, अडखळत, त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. त्या माउलीला घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सोडून लगेच निघता येत नव्हतं. सगळं ऐकून ती रडली आणि मग तिनं याला विचारलं, "बाबा, तू जेवलास का?" त्या दिवशी याच्या पोटात काहीच गेलं नव्हतं. हे आमच्याही ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला. उद्या आला नाहीस तर नाव कमी करतील, असं तो सांगत होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी आणि पप्पा बसलो होतो, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. दिरानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चालतंय." आणि फोन ठेवला. पप्पांनी आयुष्यभरात या एका शब्दावर किती भाषणं दिली असतील. ते नुसते उठले आणि खाली जाऊन मोसंबी घेऊन आले. मग दिराला ती सोलता येत नाहीत म्हणून स्वतःच सोलत बसले.

पण एकटा माणूस किती पुरणार. सासूबाई, मी, यजमान आलटून पालटून जात होतो, तरी मधे मधे कुणी नसायचं. तेव्हा दिरानं एक गोष्ट केली, जी मला बसच्या ड्रायव्हरकडून नंतर कळली. सकाळी तो नेहमीच्या थांब्यावर गेला, बसच्या पायरीवर चढला आणि आत न बसता दारातच उभा राहिला. सगळ्या बसला उद्देशून त्यानं आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. "आपल्या बसमध्ये एक बालाजी होता. खिडकीशी बसायचा. त्याला कावीळ झालीय. दिवसा त्याच्यापाशी कुणीतरी बसायला पाहिजे." निम्म्यांना ऐकूच आलं नव्हतं. ड्रायव्हरनं म्हटलं, "उतर राव, उशीर होतोय." हा उतरला नाही. मग त्यानं पहिल्या सीटवरच्या पोराच्या कानातून इअरफोन काढला आणि तेच वाक्य त्याला सांगितलं. मग दुसऱ्याच्या. असं करत तो मागच्या सीटपर्यंत गेला. मागचं एक पोरगं म्हणालं, "पुढच्या आठवड्यात मी सेकंड शिफ्टला आहे. सकाळी मोकळाच असतो. पण मला हॉस्पिटलातलं काही कळत नाही." दीर म्हणाला, "मलाही नाही."

त्यानंतर त्या वॉर्डात जे सुरू झालं, ते बघून तिथल्या नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. पोरांनी बालाजीपाशी बसायच्या चक्क शिफ्ट लावल्या. एक जण निघताना दुसऱ्याला चार्ज देऊन जायचा: सलाइन अर्धी झालीय, लघवीचा रंग कालच्यापेक्षा बरा, शेजारच्या आजोबांना चष्मा सापडत नव्हता तो उशीखाली आहे. कुणी ओव्हरटाइममुळे अडकला तर दुसरा त्याची पाळी धरायचा. ज्यांनी एकमेकांची नावं कधी विचारली नव्हती, ते त्या खाटेच्या दोन बाजूंना बसून एकमेकांची गावं विचारत होते. पप्पा रोज संध्याकाळी जायचे. आपण युनियनच्या गोष्टी सांगायला जातो, असं ते म्हणायचे, पण मी एकदा डबा घेऊन गेले तेव्हा ते नुसते कोपऱ्यात बसून या पोरांकडे बघत होते.

बालाजी बरा झाला. अशक्त होता म्हणून काही दिवस आमच्याच घरी राहिला, सासूबाईंच्या हातचं बिनतेलाचं खाऊन कंटाळला, आणि मग गावी गेला. दिराची ती नोकरी गेलीच होती. पण त्याच रस्त्यावर दुसऱ्या कंपनीत त्याला काम मिळालं. योगायोगानं तीच बस तिथल्याही पोरांना नेते.

आणि मग या माणसानं सगळ्यांचा जीव खायला सुरुवात केली. आधी ज्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, त्याला आता सगळ्याचंच वाटायला लागलं. बसमध्ये चढला की प्रत्येक सीट बघणार, एखादी रिकामी दिसली की लगेच फोन. "का नाही आलास? ताप आहे का? डोळे आरशात बघ." एक पोरगा सिनेमाला जायचं म्हणून दांडी मारून घरी आजारी असल्याचं कंपनीत कळवून बसला, तर हा संध्याकाळी त्याच्या घरी शहाळं घेऊन हजर. दार त्या पोराच्या आईनं उघडलं. पोरगं त्या वेळी थिएटरात होतं. पुढचं सांगायला नको. त्या पोरानं दुसऱ्या दिवशी बसमध्ये हात जोडले, "भाऊ, तुमच्यामुळे साधी दांडी मारायची सोय राहिली नाही." माझ्याही दुकानात तो गुरुवारी पोरं घेऊन येतो, रांगेत बसवतो आणि सगळ्यांचे डोळे तपासायला लावतो. त्यांतल्या कुणालाही चष्मा लागलेला नसतो. मालक वैतागतात. मी त्यांना सांगते, राहू द्या.

गुरुवारी दुपारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. सासूबाई भाकरी थापतात आणि पोरं जमिनीवर ओळीनं बसून जेवतात. कुणी हिंगोलीचा, कुणी कोकणातला, कुणी बिहारमधून आलेला आणि मराठीत "अजून एक" एवढंच येणारा. पण ही पोरं टिकत नाहीत. ठेका संपतो, कंपनी बदलते, कुणी गुजरातेत जातो, कुणी तिकडे दक्षिणेत. सुरुवातीला फोन येतात. मग सणावारी येतात. बालाजीनं गावात मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलंय, आता त्याचाही फोन कधीमधीच. सासूबाई फोनवर सगळ्यांशी सारखंच बोलतात, कारण कोण कुठला हे त्यांच्या लक्षात राहत नाही. दीर मात्र त्यांच्या शेजारी बसून प्रत्येकाची माहिती हळू आवाजात पुरवतो.

मागच्या गुरुवारी फक्त दोघं जेवायला आले. एकाच वेळी बऱ्याच जणांचा ठेका संपला होता. सासूबाईंनी सवयीनं पीठ जास्त मळलं होतं. घर असं शांत झालं होतं की पप्पांनी दोनदा टीव्ही लावून बंद केला. समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर नवी पोरं राहायला आली आहेत. संध्याकाळी ती पायरीवर बसली होती, चौघंही मोबाइलमध्ये मान घालून. दीर गॅलरीतून त्यांच्याकडे बघत उभा होता. मग आत आला, राहिलेल्या भाकऱ्या आणि पिठलं डब्यात भरलं आणि दाराशी जाऊन थांबला.

"वहिनी, चला ना खाली जरा," तो म्हणाला.

"तुमचे तुम्ही जा, भाऊजी."

तो गेला. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. रस्ता ओलांडून तो त्या पायरीपाशी पोचला आणि डबा हातात धरून नुसता उभा राहिला. कुणी मान वर केली नाही. तो या पायावरून त्या पायावर झाला. मला वाटलं, परत येतो आता. मग त्यानं काहीतरी म्हटलं, आणि कडेला बसलेल्या पोरानं मोबाइल खिशात घातला आणि थोडं सरकून जागा केली.

मागून खाटेवरून पप्पांनी विचारलं, "बसला का?"

"बसला," मी म्हटलं.